कानपिळी

लग्नात माझा कान पिळला गेला, तो अजून सुटलेला नाही.

रीत सगळ्यांना ठाऊक आहे. होमापुढे धुरानं डोळे चुरचुरत असतात, भटजी नवरीच्या भावाला पुढे बोलावतात, तो नवरदेवाचा कान धरून ‘बहिणीला नीट सांभाळा’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो, कापड काखोटीला मारतो आणि पंगतीकडे पळतो. माझ्या मेव्हण्यानं कान धरला, तोंड अगदी जवळ आणलं आणि अदबीनं विचारलं, "दाजी, रविवारची मॅच कोण काढणार?"

मी म्हणालो, "आम्हीच."

त्यानं कानाला आणखी पाव वेढा दिला. "परत एकदा सांगा की. बँडमुळं ऐकू आलं न्हाई."

अल्बममध्ये तो फोटो आहे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय आणि मेव्हणा हसतोय. आमची पुण्याची आत्या तो फोटो बघून दर वेळी म्हणते, "किती हळवा झाला होतास रे!"

आता फुटबॉल संघांची नावं सांगायला हवीत, पण सांगणार नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ यांतला एक आमचा आणि एक सासुरवाडीचा, एवढ्यावर भागवून घ्या. कोल्हापुरात छापील कागदावर संघाचं नाव घातलं की दुसऱ्या दिवशी दूध आणायला कुठल्या गल्लीतून जायचं, याचा विचार करावा लागतो. माझी सासुरवाडी आमच्या घरापासून चालत अकरा मिनिटांवर आहे. फुटबॉलच्या हंगामात ते अंतर परदेशाइतकं होतं.

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो तालमीचा. फुटबॉलच्या संघाचं नाव ‘तालीम मंडळ’ कसं? शाहू महाराजांनी इथं कुस्ती पोसली, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी घुमायला लागल्या. पुढं त्याच तालमीतली पोरं चेंडूमागं धावायला लागली आणि तालमीनं त्यांनाही पोटाशी घेतलं. बूट आले, जर्सी आली, पण वृत्ती लाल मातीचीच राहिली. त्यामुळं आमच्याकडे समोरच्या संघाला नुसतं हरवून कुणाचं समाधान होत नाही. त्याला अस्मान दाखवायचं असतं, आणि तेही त्याच्या मेव्हण्या-पाव्हण्यांसमोर.

देशाच्या फुटबॉलच्या उतरंडीत आमची केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग कुठं बसते हे सांगायला नको. बरीच खाली बसते. पण उतरंडीत वर कोण बसलंय याची इथं फारशी कुणाला पडलेली नाही. आयएसएलमध्ये, म्हणजे देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सध्या पहिला कोण, असं मेव्हण्याला विचारलं तर तो डोकं खाजवतो. आमच्या लेफ्ट बॅकनं गुडघा कुठल्या डॉक्टरला दाखवला, एमआरआय कधी काढला आणि त्यात काय आलं, हे मात्र त्याला आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या आधी कळलेलं असतं.

तर पैज. लग्नातल्या त्या प्रसंगानंतर मेव्हण्यानं ती रीतच लावून घेतली. दोन्ही संघ समोरासमोर आले आणि आम्ही हरलो, की तो घरी येऊन पुन्हा कान पिळणार आणि मी त्याला पुन्हा कापड देणार. कापड म्हणजे त्याच्या संघाची नवी जर्सी, माझ्या पैशानं. ते हरले तर? हा प्रश्न मी पहिल्याच वर्षी विचारला होता. सासूबाई म्हणाल्या, "जावयानं मेव्हण्याचा कान पिळायचा असतो व्हय? असं कुठं शास्त्रात हाय का?" शास्त्रात नव्हतं. शेवटी ते हरले तर त्यानं मला मिसळ खायला घालावी असं ठरलं. एका बाजूला कान आणि जर्सी, दुसऱ्या बाजूला मिसळ आणि जादा कट. लग्नातले सगळेच करार असे असतात असं माझे थोरले भाऊ म्हणतात, पण त्यांच्या मेव्हण्याला फुटबॉल आवडत नाही.

मला सगळ्यात जास्त छळतं ते त्याचं आदरार्थी बहुवचन. मित्र असता तर "ए, गप ए" म्हणून विषय मिटवता आला असता. पण मी पडलो थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी. तो मला अरे-तुरे करू शकत नाही आणि करतही नाही. तो वाकून नमस्कार करतो, पाण्याचा तांब्या हातात देतो आणि विचारतो, "दाजी, तुमच्या गोलकीपरला मोतीबिंदू झालाय असं ऐकलं. आमच्या गल्लीत रविवारी मोफत शिबिर हाय. नाव घालू का?" आता याला काय उत्तर देणार? तांब्या हातात असतो, सासरे समोर बसलेले असतात. मी म्हणतो, "तुमच्या सेंटर फॉरवर्डला घाला. त्याला गोलपोस्ट दिसत नाही." तो लगेच हात जोडतो. "बरोबर हाय तुमचं. तुम्ही म्हणालासा म्हणजे बरोबरच असणार. मागच्या मॅचला त्याला तीनदाच दिसला गोलपोस्ट."

मागच्या मॅचला त्यानं तीन गोल मारले होते. आमच्यावर.

मॅचच्या आठवड्यात त्याचं व्हॉट्सअॅप स्टेटस बघण्यासारखं असतं, पण बघतो फक्त मी. त्यानं तशी सेटिंगच करून ठेवली आहे. सोमवारी नुसता कानाचा फोटो. मंगळवारी कान आणि घड्याळ. बुधवारी कापडाच्या दुकानाची पाटी. बायकोला दाखवायला गेलो तर तिच्या मोबाइलवर काहीच दिसेना. ती म्हणाली, "मी बघतो की माझ्या भावाचं स्टेटस, कुठं काय हाय? तुम्हाला हल्ली भास व्हायला लागलेत." कोल्हापूरची मुलगी आहे, ‘बघतो’च म्हणणार. पण ती नक्की कुठल्या पेठेकडून ‘बघतो’, हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही. विचारलं की म्हणते, "मी स्वयंपाकाच्या बाजूनं हाय."

स्वयंपाक हे सासुरवाडीचं खरं हत्यार आहे, हे मला उशिरा उमगलं.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवारी चारला मॅच. सकाळी नऊ वाजता सासूबाईंचा फोन. "जावईबापू, आज जेवायला इकडंच या. मटण आणलंय." फोनवर मी म्हणालो, मॅच आहे. त्या म्हणाल्या, "मॅच चारला हाय न्हवं? तुम्ही बारालाच या." जावयाला जेवायला बोलावलं आणि तो गेला नाही, असं आमच्या खानदानात घडलेलं नाही.

बारा वाजता ताट आलं. पांढरा रस्सा आधी, पितळी वाटीत, काजू-खसखशीचा, वर तुपाचा तवंग. मग तांबडा. मग सुकं मटण, खिमा, वडे, भाकरी, वर ‘पोटाला बरा’ म्हणून भात. मी वाटी रिकामी केली की मेव्हणा स्वतः उठून भरत होता. इतर दिवशी हा माणूस चहाचा कप उचलून ठेवत नाही. "दाजी, अजून एक वाटी पांढरा घ्या. तुमचं काय जेवणच न्हाई झालं." तिसऱ्या वाटीला माझे डोळे जड व्हायला लागले. चौथ्या वाटीला मला कळलं की आतल्या खोलीत गादी घातलेली आहे, पंखा पाचवर आहे आणि पडदे ओढलेले आहेत.

"जरा अंग टाका की," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही उठवतो तीनला."

मी मेव्हण्याकडं बघितलं. तो छताकडं बघत होता. मागच्या वर्षी याच गादीवर मी अंग टाकलं होतं. तीनला मला कुणीही उठवलं नव्हतं. जाग आली ती पावणेसातला, आणि तीही कानाला कुणीतरी धरलंय म्हणून.

या वेळी मी मांडी ठोकून सासऱ्यांच्या शेजारीच बसलो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा त्यांच्या वेळी पेठेच्या संघात राइट आउट खेळायचे, अनवाणी, पायाला कापडी पट्ट्या गुंडाळून. पावसाळ्यात चामड्याचा चेंडू पाणी पिऊन धोंड्यासारखा व्हायचा, हेड मारला की दोन दिवस मान वळायची नाही, हे त्यांनी मला आजवर किमान तीसदा सांगितलं आहे, आणि दर वेळी मान वळवून दाखवली आहे. मला झोप उडवायला तेच हवं होतं. मी विचारलं, "मामा, तेव्हा आमच्या पेठेत कोण बॅक होता हो?"

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी आमच्या संघाच्या एका जुन्या बॅकची अशी तारीफ सुरू केली की मेव्हण्याच्या हातातला पानाचा डबा तसाच राहिला. तो बॅक कसा भिंतीसारखा उभा राहायचा, त्यानं एकदा मामांना कसं लायनीबाहेर, थेट माणसांत नेऊन टाकलं, आणि मॅच संपल्यावर त्यानंच मामांना सायकलवर डबलसीट घालून घरी कसं सोडलं.

"आबा," मेव्हणा कळवळला, "मॅचच्या दिवशी त्यांच्या माणसाची तारीफ करतासा?"

"खेळत हुता त्यो," मामा म्हणाले. "तुझा सेंटर फॉरवर्ड पळतोय नुसता."

मी मनातल्या मनात मामांच्या पाया पडलो.

या घरात आणखी एक पथ्य आहे. सात हा आकडा उच्चारायचा नाही. सासुरवाडी जन्मजात ब्राझीलची, आम्ही अर्जेंटिनाचे. वर्ल्ड कप आला की आमच्या दोन पेठांमधल्या रस्त्यावर इतके फलक लागतात की आकाश दिसत नाही. २०१४ मध्ये जर्मनीनं ब्राझीलला ७-१ असं धुतलं, तेव्हापासून मेव्हणा ‘सहा आणि एक’ म्हणतो. सासूबाईसुद्धा आपल्या पहिल्या नातवाला सहाव्यानंतरचा महिना लागला असं म्हणाल्या होत्या. २०२२ च्या डिसेंबरात मेस्सीनं कप उचलला त्या रात्री मी मेव्हण्याला सात फोन केले. मुद्दाम सातच. त्यानं एकही घेतला नाही.

एकदाच आमचं भांडण झालं नाही. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीत अमेरिकेविरुद्धच्या मॅचला आम्ही दोघं एकाच सोफ्यावर, एकाच ताटातले शेंगदाणे खात बसलो होतो. भारत ३-० नं हरला. मॅच संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, तुमचा लेफ्ट बॅक असता तर पाच बसले असते." आणि मला एकदम बरं वाटलं.

तीन वाजता मी उठलो. मेव्हणाही उठला. त्याची जर्सी, माझी जर्सी, आणि दोघांच्या पोटात एकाच पातेल्यातला रस्सा. सासूबाईंनी दारात दोघांच्याही हातावर दही-साखर ठेवली. मला वाटतं त्याच्या हातावर थोडी जास्त होती, पण उन्हात नीट दिसलं नाही. बायको म्हणाली, "दोघंबी सावकाश जावा. आणि आरडाओरडा करून घसा बसवून घेऊ नका, उद्या दोघांनाबी ऑफिस हाय."

मिरजकर तिकटीपर्यंत आम्ही बरोबर गेलो. तिथून पुढं माणसांचा लोंढा सुरू झाला. सायलेन्सर काढलेल्या गाड्या, एका गाडीवर तिघं, मागच्याच्या हातात झेंडा. आमच्या पेठेची पोरं दिसली तसा मेव्हणा माझ्यापासून दोन पावलं लांब चालायला लागला. त्याच्या पेठेची दिसली तसा मी. एका पोरानं मला ओळखलं. "काय वो, शत्रूबरोबर फिरतासा?" मी म्हणालो, "पाव्हणा हाय." तो म्हणाला, "मग हरकत न्हाई. जेवलासा का?" मी पोटावर हात ठेवला. त्यानं मेव्हण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळहळून म्हणाला, "पांढरा किती वाट्या?"

"चार."

"अरारारा. झोपवणार तुमास्नी."

शाहू स्टेडियमपाशी पोलिसांनी दोन रांगा केल्या होत्या. एक त्यांची, एक आमची. पाण्याच्या बाटल्या दारातच काढून घेत होते. मेव्हण्यानं खिशातून तिकीट काढलं, माझंही त्याच्याच खिशात होतं, तेही दिलं. मग नेहमीसारखं वाकून नमस्कार केला. "येतो दाजी. काय चुकलं-माकलं असलं तर माफ करा." आणि सरळ होताना डाव्या हातानं माझ्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून सोडली. पिळली नाही. कापड घ्यायच्या आधी बघतात तशी नुसती चाचपून बघितली.

वर जाऊन बसलो. गॅलरीचा दगड तव्यासारखा तापला होता. आमच्या बाजूला हलगी वाजत होती, समोर त्यांच्या बाजूला ताशा. पोटातला पांढरा आता पापण्यांपर्यंत चढला होता. खिशात मोबाइल थरथरला. स्टेटस नवं होतं. फोटोत अख्खी समोरची गॅलरी, हजारो माणसं, आणि प्रत्येकानं स्वतःचा उजवा कान धरलेला. माझा लग्नाचा किस्सा त्यानं पेठेत सगळ्यांना सांगितला होता.

रेफ्रींनी घड्याळ बघितलं. मी गळ्यातला मफलर सोडला आणि दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळला. शेजारचे आजोबा म्हणाले, "बाळ, एप्रिल हाय."

मी म्हणालो, "ठाऊक आहे."

आजोबांनी समोरच्या गॅलरीकडं नजर टाकली आणि आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यो बी गुंडाळ."