वायफाय रांगतंय म्हणून लॅपटॉप भंगारात?

लातूर-नांदेडकडे नीट-जेईईच्या लेकरांच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पाच-सहा वर्षं जुन्या लॅपटॉपचं वायफाय सुधारत नाही, चिप मदरबोर्डलाच डकवलेली असते. ५ गिगाहर्ट्झ (२.४ सोडून वायफायची दुसरी लहरपट्टी) दिसत नसेल तर लॅपटॉप संपला समजा. कार्ड बदललं तर मशीन सुरूच होत नाही आणि डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफायचं छोटं यंत्र) म्हणजे पैसे पाण्यात. लेकराचं नुकसान करू नका, नवा घ्या.

ते शेवटचं वाक्य वाचून बाप हप्त्याची चौकशी करायला निघतो. मेसेजातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, पण ते बाकीच्यांच्या मध्ये लपलंय.

आधी चिपचं. काही अगदी पातळ लॅपटॉपांत आणि नव्या मॅकबुकांत ती खरंच बोर्डावर डकवलेली असते. पण २०१२ ते २०१८ च्या काळात आपल्याकडे घरोघरी आलेले साधे एचपी, डेल, लेनोवो घ्या. बहुतेकांत वायफायचं वेगळं कार्ड असतं. एका स्क्रूवर बसलेलं, वर अँटेनाच्या एक-दोन बारीक वायरी. या कंपन्या मॉडेलनुसार सर्व्हिस मॅन्युअल फुकट देतात आणि कार्ड कुठं आहे ते त्यात चित्रासकट असतं.

५ गिगाहर्ट्झचा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण खरं दुखणं तिथंच आहे. त्या काळात स्वस्त लॅपटॉपांत कंपन्यांनी रिअलटेक ८७२३बीईसारखी कार्डं घातली: एकच अँटेना, तीही २.४ गिगाहर्ट्झपुरती. अशा कार्डाचा नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ चॅनलवरचा कागदावरचा वेग ७२ एमबीपीएस, हातात साधारण निम्मा. म्हणजे १०० चा प्लॅन घेतला तरी लॅपटॉपला तो दिसणारच नाही. त्यात लातूरला क्लासच्या भागात खोली करून राहणाऱ्या लेकरांचं बघा. एका इमारतीत मजल्यागणिक राउटर, आणि २.४ वर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे एकदम लेक्चर लावतात तेव्हा चाक फिरत राहतं. हा दोष लॅपटॉपचा नाही, त्या एवढ्याशा कार्डाचा आहे. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल भरपूर, आणि दोन अँटेनांचं ८०२.११एसी या वायफाय प्रकाराचं कार्ड कागदावर ८६७ पर्यंत जातं.

मात्र खर्च करण्याआधी एक गोष्ट बघा. लॅपटॉपशेजारी मोबाइल ठेवून त्याच वायफायवर दोन्हींचा वेग मोजा. मोबाइलही रांगत असेल तर कार्ड निर्दोष आहे. राउटर बघा, प्लॅन बघा.

आता ते अर्धं खरं वाक्य, कार्ड बदललं तर मशीन सुरूच होत नाही हे. लेनोवोच्या जुन्या थिंकपॅडांत आणि एचपीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये) मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की थिंकपॅड १८०२ आणि एचपी १०४ क्रमांकाची चूक दाखवून अडून बसतो. एवढंच. काही जळत नाही. जुनं कार्ड परत बसवलं की मशीन सुरू. अशा लॅपटॉपला त्याच कंपनीच्या पार्ट नंबरचं, मॅन्युअलमध्ये दिलेलं कार्ड शोधावं लागतं.

मेसेज लिहिणाऱ्याला खरंच सावध करायचं असतं तर चुकीचं कार्ड गळ्यात कसं पडतं ते त्यानं सांगितलं असतं. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२१० कार्ड एम.२ (कार्डाची नव्या प्रकारची छोटी) खाच असलेल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपांना चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये होतं, म्हणून जुन्या मशीनवर किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर ती मुकीच राहतात. दुकानदाराला शेवटचा आकडा दोनदा विचारा. एम.२ च्या आधीची मिनी पीसीआय एक्सप्रेस खाच असेल तर इंटेल ७२६० चं त्या मापाचं कार्ड बघा. एम.२ कार्डावर अँटेनाचं टोक आणखी लहान असतं, त्यामुळे जुन्या वायरी त्याच्यावर बसत नाहीत. विंडोज ७ वर असाल तर एएक्सचा नाद सोडा, ड्रायव्हरच नाही. आणि झाकण उघडल्यावर वायर एकच दिसली, तर दुसरी ओढून घेतल्याशिवाय दोन अँटेनांच्या कार्डाचा पुरा फायदा नाही.

डोंगलबद्दल मेसेज निम्म्या बाजाराला लागू आहे. नखाएवढा, फक्त २.४ वर चालणारा १५० एमबीपीएसचा डोंगल घेतला तर पैसे खरंच पाण्यात, कारण गर्दी तीच. ५ गिगाहर्ट्झ लिहिलेला घ्या. यूएसबी २ ची कमाल ४८० एमबीपीएस आहे, १०० च्या प्लॅनला ती पुरून उरते. लॅपटॉप उघडायची भीती वाटणाऱ्याला मी तर हेच सांगेन.

गावाकडं मात्र वेगळं गणित. माळवदाच्या घरात दगडमातीच्या जाड भिंती. राउटर आतल्या खोलीत आणि लेकरू ओसरीत, तर ५ गिगाहर्ट्झ भिंतीतच मरतं आणि २.४ च कसंबसं पोचतं. तिथं नवं कार्डही काही करू शकत नाही, नवा लॅपटॉपही नाही. लांब लॅन वायर घेऊन राउटरच ओसरीत आणा, किंवा वायर थेट लॅपटॉपच्या खाचेत खोचा.