तीन उमेदवारांचे कोडे आणि त्यातली गफलत

गेली कित्येक वर्षे एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यात तीन उमेदवारांचे वर्णन असते: पहिला सतत सिगारेट ओढणारा आणि विवाहबाह्य संबंध असलेला, दुसरा उशिरा उठणारा व रोज दारू पिणारा, तिसरा युद्धात पदक मिळवलेला, शाकाहारी आणि निर्व्यसनी. वाचक तिसऱ्याला निवडतो आणि मग त्याला कळते की पहिले रूझवेल्ट, दुसरे चर्चिल आणि तिसरा हिटलर. यावरून नेत्याचे चारित्र्य पाहू नये, कर्तबगारी पाहावी, असा निष्कर्ष काढला जातो. त्याला ‘शस्त्रक्रिया करून घेताना शल्यविशारदाचा हात पाहतो, चारित्र्य कोणी विचारत नाही’ या दाखल्याची जोड मिळते आणि ‘खातो, पण काम तरी करतो’ या वाक्याने चर्चा मिटवली जाते. हा निष्कर्ष चटकन पटतो, म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

कोड्याची सगळी गफलत ‘चारित्र्य’ या शब्दात आहे. खाणेपिणे आणि व्यसने या सवयी झाल्या. सार्वजनिक जीवनातली सचोटी म्हणजे दिलेला शब्द पाळणे, लोकांना खरे सांगणे आणि हाती आलेली सत्ता व पैसा आपल्या मालकीचा न मानणे. ही कसोटी लावली तर तिसरा उमेदवार एक क्षणही टिकत नाही. २६ सप्टेंबर १९३८ रोजी बर्लिनच्या जाहीर सभेत हिटलरने सांगितले की चेकोस्लोव्हाकियातला जर्मनभाषक प्रदेश सुडेटनलँड ही युरोपातली आपली शेवटची प्रादेशिक मागणी आहे. चार दिवसांनी त्याने म्युनिकमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्यासोबत शांततेच्या कागदावर सही केली. आणि १५ मार्च १९३९ रोजी त्याचे सैन्य चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरले. याउलट चर्चिल यांनी पंतप्रधान झाल्यावर, १३ मे १९४० रोजी, संसदेला सांगितले की रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांखेरीज आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही. याचा अर्थ चर्चिल निष्कलंक होते असा नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल त्यांच्यावर घेतला जाणारा आक्षेप अत्यंत गंभीर आहे, पण त्याचा त्यांच्या मद्यपानाशी काही संबंध नाही.

शल्यविशारदाचे चारित्र्य कोणी विचारत नाही, हेही खरे नाही. त्याचा हात कितीही कुशल असला, तरी पैशासाठी गरज नसलेली शस्त्रक्रिया तो सुचवणार नाही, या विश्वासावरच रुग्ण संमतिपत्रावर सही करतो. शिवाय त्याच्यावर नियामक मंडळ असते, रुग्णालय असते, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची मुभा असते. राज्यकर्त्याच्या बाबतीत मात्र चौकशी कोणी करायची, हिशेब कोणी तपासायचे आणि तपासनीस कोणाला नेमायचे, यावर बहुधा त्याचाच प्रभाव असतो.

‘खातो, पण काम करतो’ हा हिशेब ब्राझीलमध्येही जुना आहे. साओ पाउलोचे गव्हर्नर आदेमार द बारोस यांच्याशी तिथे नेमकी हीच म्हण जोडली गेली. या हिशेबात असे गृहीत धरलेले असते की काम आधी ठरते आणि टक्केवारी त्यातून नंतर कापली जाते. प्रत्यक्षात टक्केवारी कुठे जास्त मिळेल, यावरूनच काम ठरू लागते. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या कारकिर्दीत बताआन येथे उभारलेला अणुवीज प्रकल्प पाहावा. त्याचे कंत्राट मिळवून देताना मार्कोस यांच्या निकटवर्तीय मध्यस्थाने दलाली घेतली, प्रकल्प नातिब या ज्वालामुखी पर्वताच्या परिसरात उभा राहिला आणि खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. १९८६ मध्ये मार्कोस यांची सत्ता गेली आणि नव्या सरकारने प्रकल्प बंदच ठेवला. त्यातून एक युनिटही वीज निघाली नाही, कर्जाची फेड मात्र २००७ पर्यंत चालली. इथे ‘काम’ झाले होते. इमारत आजही उभी आहे.

एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही. चेंबरलेन यांच्यावर लाचखोरीचा आरोप नव्हता, तरी त्यांच्या चुकीच्या अंदाजाची किंमत चेकोस्लोव्हाकियाने मोजली. पण त्यांची चूक सर्वांना दिसत होती. मे १९४० मध्ये संसदेत उघड चर्चा झाली, ते पायउतार झाले आणि चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात दुय्यम स्थानी काम करू लागले. कर्तबगार पण अप्रामाणिक माणसाची चूक अशी समोर येत नाही, कारण ती झाकण्यासाठीही तो तीच कर्तबगारी वापरतो. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या क्षमतेबद्दल वाद नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये चीनला जाऊन त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ बंद असलेले दार उघडले. त्याच वर्षी २३ जून रोजी, विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरीच्या, म्हणजे वॉटरगेट प्रकरणाचा एफबीआय या तपास यंत्रणेचा तपास सीआयए या गुप्तचर संस्थेकरवी थांबवावा, अशी योजना त्यांनी आपल्या कार्यालयात मंजूर केली. ते संभाषण ध्वनिफितीवर होते, तरीही ते लोकांसमोर येण्यास दोन वर्षे आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला, आणि मधल्या काळात निक्सन प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले होते.