पाच मिनिटं, पण हळुवार

जीवाणूंमधून प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं सुटं वर्तुळ, काढायच्या किटसोबत जी घडीपुस्तिका येते, तिच्यात एकूण वेळ अर्धा तास असं छापलेलं असतं. ते लिहिणाऱ्याच्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज कायम मोकळा असणार आणि पिपेट कुणी उचलून नेत नसणार. आमचं मिनीप्रेप, म्हणजे हेच प्लास्मिड काढणं, आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. प्लेटवरची जीवाणूंची कॉलनी टोचून एलबीत, म्हणजे त्यांच्या खाद्याच्या द्रवात, सोडायची, अँपिसिलिन हे अँटिबायोटिक घालायचं आणि 37 अंशांवर रात्रभर शेकरमध्ये ठेवायचं. 12 ते 16 तास. म्हणजे सकाळी 9 ला काम हवं तर संध्याकाळी 7 ला टोचायचं. जीवाणूंच्या वेळापत्रकाप्रमाणे घरी जाणारी माणसं आहोत आम्ही.

अँपिसिलिन विसरून चालत नाही. प्लास्मिड म्हणजे ई. कोलाय या आमच्या जीवाणूच्या गळ्यातलं लोढणं, धाक असल्याशिवाय तो ते सांभाळत नाही. त्यातही लबाडी आहेच. प्लास्मिड बाळगणारे कष्टाळू जीवाणू प्लास्मिडमुळे मिळालेलं बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम सोडून आजूबाजूचं अँपिसिलिन संपवतात, आणि मग त्यांच्या जिवावर बिनप्लास्मिडवाले फुकटे सुखाने वाढतात. प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती बारक्या बारक्या ठिपक्यांची गर्दी दिसते, ती हीच मंडळी. टोचताना नेमकी त्यांतलीच एक टोकाला चिकटते.

सकाळी पेशी खाली बसवून पहिल्या बफरमध्ये कालवायच्या. इथे कितीही जोर करा, गुठळी राहता कामा नये. आणि लगेच पुढच्या पायरीला हुकूम बदलतो: आता व्होर्टेक्सला, म्हणजे ट्यूब गदागदा हलवणाऱ्या यंत्राला, हात लावायचा नाही. दुसऱ्या बफरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड आणि एसडीएस हे साबणासारखं रसायन असतं. (लॅबमध्ये गारठा असेल तर एसडीएस बाटलीच्या तळाशी पांढरं होऊन बसतं. मग बाटली ऊब देऊन मनवावी लागते.) पेशी फुटतात, ट्यूबमधलं मिश्रण शेंबडासारखं लोंबू लागतं आणि डीएनएचे धागे एकमेकांपासून सुटतात. बिर्नबॉइम आणि डॉली यांनी 1979 मध्ये ही युक्ती छापली, आणि युक्ती खरंच झकास आहे. प्लास्मिडची दोन्ही वर्तुळं एकमेकांत अडकलेली असतात, त्यामुळे तिसऱ्या बफरने आम्ल-अल्कली सारखं केलं की ती झटकन पुन्हा जुळतात. क्रोमोसोमच्या लांबलचक धाग्यांचा मात्र गुंता होतो आणि तो प्रथिनांबरोबर खाली बसतो.

युक्ती त्यांची, घाम आमचा. कारण पुस्तिका सांगते, ट्यूब हळुवार चार ते सहा वेळा उलटसुलट करा. धसमुसळेपणा केला तर क्रोमोसोमचे तुकडे होऊन प्लास्मिडबरोबर येतील. त्याच्याच खाली ठळक अक्षरांत: पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, प्लास्मिड कायमचं बिघडेल. ट्यूब 24. एकीला 12 सेकंद धरले तर चोविसावीपर्यंत पोचेस्तोवर पहिलीची पाच मिनिटं भरत आलेली. म्हणजे घाई करायची, पण हाताला कळू द्यायची नाही. आणि हीच पाच मिनिटं गाठून कुणीतरी दारातून डोकावतं, "बिझी आहेस का गं?"

तिसरा बफर पडला की नासलेल्या दुधासारखा पांढरा चोथा तयार होतो. तो 13,000 आरपीएमवर दहा मिनिटं फिरवायचा. सेंट्रिफ्यूजमध्ये अर्थातच दुसऱ्याच कुणाच्या तरी ट्यूब फिरत असतात, आणि डिस्प्लेवर अजून 22 मिनिटं.

मग कॉलम, म्हणजे सिलिकाचा पडदा असलेली छोटी नळी. ग्वानिडीनच्या क्षारांमुळे डीएनए सिलिकाला चिकटतो, म्हणून खाली गळेल ते फेकायचं. वॉश दिला, गळलं ते फेकलं. पुन्हा वॉश, पुन्हा फेकलं. हाताला फेकायची चटक लागली की शेवटी नियम उलटतो: आता गळेल ते जिवापाड जपायचं आणि कॉलम फेकायचा. कचऱ्याच्या बीकरमध्ये वाकून डीएनए शोधणारं माणूस दिसलं तर काय झालं हे लॅबमध्ये कुणी विचारत नाही.

वॉश बफरच्या नव्या बाटलीत वापरण्याआधी इथेनॉल घालायचं असतं. घातलं की खूण करायला झाकणावर चौकोन छापलेला असतो. त्या चौकोनात खूण करणारा मनुष्य अजून जन्माला यायचाय. घातलं की नाही हे सगळे आळीपाळीने वास घेऊन ठरवतात. नसेल तर वॉशबरोबर डीएनए वाहून जाणार. असेल तर एक थेंब झाकणावर सांडून मार्करचे आकडे पुसणार, आणि 1 कोण, 7 कोण यावर लॅबमध्ये मतभेद होणार. हे इथेनॉल कॉलममध्ये रेंगाळलं तर पुढे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलमध्ये सँपल विहिरीत, म्हणजे त्याच्या खाचेत, बसत नाही, वर तरंगून बफरमध्ये पसार होतं. म्हणून एकदा कोरडंच फिरवून घ्यायचं. घाईत सगळे गाळतात ती हीच पायरी.

शेवटी पडद्याच्या बरोबर मध्यावर 30 मायक्रोलिटर बफर सोडायचा, एक मिनिट थांबायचं, फिरवायचं आणि नॅनोड्रॉपकडे, म्हणजे डीएनए किती आणि किती शुद्ध हे मोजणाऱ्या यंत्राकडे, जायचं. शुद्धता सांगणारं 260/280 चं गुणोत्तर 1.8 च्या आसपास आणि 260/230 दोनच्या वर आलं की माणूस उगाचच आजूबाजूच्यांशी गोड बोलू लागतो. या वेळी दोन्ही आले, वर यील्ड, म्हणजे हाती आलेला डीएनए, तोही भरघोस. त्याच खुशीत दोन एन्झाइमनी कापून जेलवर चालवलं.

प्रत्येक लेनमध्ये एकच बँड; जीन आत असता तर दोन दिसले असते. रिकामा व्हेक्टर, म्हणजे जीन न बसलेलं नुसतं प्लास्मिड. ज्या जीनसाठी हा खटाटोप, तो चोविसांपैकी एकीतही शिरलेला नव्हता.

मॅडमनी जेलकडे पाहिलं, नॅनोड्रॉपचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "प्रेप मात्र सुंदर झालंय हं."