खुलासा : द्राक्षांवरचा पांढुरका थर प्लास्टिकचा नाही

निफाड-पिंपळगावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : कायटोसन (पीक रोगापासून वाचवायला फवारतात ते द्रव्य) फवारलेल्या द्राक्षांवर प्लास्टिकचा पांढरा थर बसतो. साफ चूक. बोटाने पुसला जाणारा तो थर द्राक्षाचं स्वतःचं मेण. फवारणी न झालेल्या मण्यावरही असतंच.

कायटोसन बनतं कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. सौम्य आम्लाने त्यातला चुना काढायचा, कॉस्टिक सोड्याने प्रथिनं, मग उरलेल्या कायटिनवर, म्हणजे कवचाच्या मूळ घटकावर, तीव्र सोड्याची प्रक्रिया. साध्या पाण्यात कायटोसन विरघळत नाही, व्हिनेगरमध्ये विरघळतं. आणि मातीत कुजतं! गढूळ पाणी निवळायला, रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांतही वापरतात. युरोपीय संघाने २०१४ मध्ये पीकसंरक्षणासाठी कायटोसन हायड्रोक्लोराइडला मान्यता दिली.

कवचापासूनचं म्हणून शाकाहारींना येणारी शंका मात्र रास्त. बुरशीपासून केलेलं कायटोसनही असतं. लेबल बघून घ्या. कायटोसनने ‘डाऊनी हमखास जाते’ (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग) म्हणणाऱ्या दुकानदाराचं काही खरं नाही.