मधल्या किमतीच्या स्पिनिंग सेटबद्दल जे सांगितलं जातंय, त्यातलं खरं किती?

गळाला जाणाऱ्या पोरांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर, सगळीकडनं तो माझ्यापर्यंत आला. डॅलसला नोकरीला असलेल्या मावसभावानंही तोच पाठवला आणि विचारलं, "दादा, खरंय का हे?" थोडक्यात तो असा:

"फिनेससाठी मधल्या किमतीचा रॉड-रीळ म्हणजे पैसे पाण्यात. दहाच्या वर बेअरिंग नसतील तर रीळ हातात धरू नका. ड्रॅग कमीत कमी दहा किलोचा. साइज चार-पाच हजार, मोठा मासा आला तर पंचाईत नको. रॉडवर ४० टन कार्बन लिहिलेलं असलं की डोळे झाकून घ्या. ब्रेड जाड भरा, लीडरची गरज नाही. परवडत नसेल तर दोन हजारांचा तयार सेट घ्या, नाहीतर थेट पंचवीस हजार काढा. मधे काही नाही."

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि ते वाचून नवी पोरं नको त्या वस्तूवर पहिला पगार घालतायत. म्हणून सविस्तर लिहितोय. ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की ठरावीक ताणावर लाइन सुटू देणारा रिळातला ब्रेक. ब्रेड म्हणजे विणलेली लाइन, आणि लीडर म्हणजे तिच्या टोकाला, आमिषाच्या बाजूला बांधलेला दुसऱ्या लाइनचा तुकडा. मधली किंमत म्हणजे माझ्या लेखी रॉड नि रीळ मिळून सात ते बारा हजार.

आधी फिनेस म्हणजे काय ते. दोन-तीन ग्रॅमपासून फार तर दहा ग्रॅमपर्यंतचं छोटं आमिष, बारीक लाइन, आणि सावकाश, जवळजवळ जागच्या जागी खेळवणं. नेड रिग, ड्रॉप शॉट, वॅकी रिग ही त्याची ठरलेली रूपं, म्हणजे आमिष बांधायच्या पद्धती. बास माशासाठी हा प्रकार अमेरिकेत आणि जपानमध्ये वाढला. पाणी नितळ असतं, मासा गळ बघून बघून शहाणा झालेला असतो, तिथं मोठं आमिष तो सोडून देतो आणि हे घेतो. आपल्या नद्यांत बास नाही, आणि तो नसलेलाच बरा. जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या प्रजातींच्या यादीत लार्जमाउथ बासचं नाव आहे, आणि जपानच्या बिवा तलावात धरलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. पण पद्धत आपल्याकडंही चालते. पावसाळा सरला, कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घातले आणि तटलेलं पाणी निवळलं की पंचगंगेवर, भोगावतीवर चिलापी आणि उघड्या काठाची लहान मरळ अशा बारीक आमिषाला येते.

आता बेअरिंग. शिमानो कंपनीच्या सेडोना रिळाला ३+१ बेअरिंग आहेत, नास्कीला ४+१. त्याच कंपनीची सगळ्यात वरची स्टेला १२+१. आणि बाजारात दीड हजाराला मिळणाऱ्या बिननावाच्या रिळाच्या खोक्यावर १३+१ छापलेलं असतं. एवढ्यावरनंच कळावं, की या आकड्यानं रीळ जोखता येत नाही. स्पिनिंग रिळात बेअरिंगची खरी गरज मोजक्या जागी असते. मोठ्या गिअरच्या दोन्ही अंगांना एकेक, पिनियनला (त्याला जुळणाऱ्या छोट्या गिअरला) एक, लाइन रोलरला एक. ‘+१’ म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारं रोलर बेअरिंग. बाकीची भरती हँडलच्या मुठीत किंवा जिथं साधी बुशसुद्धा चालली असती अशा ठिकाणी होते. चार चांगली बेअरिंग आणि नीट कापलेला गिअर असलेलं रीळ पाच वर्षांनीही एकसारखं फिरतं. तेरा हलकी बेअरिंग पहिल्या पावसाळ्यानंतर खरखरायला लागतात.

दुकानात बघायचंच असेल तर लाइन रोलर बघा. बेलच्या, म्हणजे उघडबंद होणाऱ्या तारेच्या कडीच्या, टोकाशी जी छोटी चकती असते, जिच्यावरनं लाइन वळून स्पूलवर जाते, ती. लाइनचा एक तुकडा तिच्यावरनं घ्या, दोन्ही टोकं ताणून धरा आणि मागंपुढं ओढा. चकती लाइनबरोबर फिरली पाहिजे. लाइन नुसती घासून सरकत असेल तर ते रीळ ठेवून द्या. न फिरणाऱ्या रोलरवर लाइनला पीळ बसतो, आणि बारीक ब्रेडला बसलेला पीळ म्हणजे प्रत्येक दहाव्या फेकीला गुंता. एवढी साधी गोष्ट त्या मजकुरात कुठंच नाही.

ड्रॅगचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण फिनेसमध्ये मासा खरं तर ड्रॅगवरच खेळवला जातो. दहा किलोचा ड्रॅग मागणाऱ्यानं हिशेब मांडलेलाच नाही. फिनेसला साधारण आठ पौंडाचा लीडर लागतो. आठ पौंड म्हणजे सुमारे ३.६ किलो. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावायचा, हा जगभरचा नेम. म्हणजे ०.९ ते १.२ किलो. दहा किलोच्या ड्रॅगमधला एक किलो तुम्ही वापरणार. उरलेले नऊ किलो वापरायला गेलात तर आधी लाइन तुटेल, नाहीतर बारीक तारेचा हुक सरळ होईल.

"पण मासाच पाच किलोचा असला तर?" हा प्रश्न मला नेहमी येतो. मासा पाण्यात असतो तेव्हा त्याचं वजन पाणीच पेलतं. आपल्याला त्याचं वजन उचलायचं नसतं, त्याची ओढ थोपवायची असते, आणि तीही तो दमेपर्यंत. जगात नोंदलेला सर्वांत मोठा लार्जमाउथ बास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या आसपास. जॉर्ज पेरींनी तो १९३२ मध्ये जॉर्जियात धरला आणि २००९ मध्ये बिवा तलावात मनाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली. रोजच्या गळाला येणारा बास अर्धा ते दोन किलोचा असतो. आपली चिलापी त्याहून लहान.

ड्रॅग किती किलोचा, यापेक्षा एक किलोवर तो कसा सुटतो, हे बघायचं. घरी करता येण्यासारखी परीक्षा आहे. लाइन रॉडच्या सगळ्या गाइडमधनं (रॉडवरच्या कड्यांमधनं) ओवा आणि पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटलीच्या मानेला बांधा. ड्रॅग घट्ट करून रॉडनं बाटली फूटभर उचला. मग ड्रॅगची चकती अगदी थोडी थोडी सैल करा. चांगल्या रिळात बाटली एकसारखी, न थांबता खाली येते. वाईट रिळात ती आधी अडून राहते, मग चार बोटं धपकन घसरते, परत अडते. त्या अडण्याच्या क्षणी लाइनवर एकदम ताण येतो, आणि मासा जोरात पळतो तेव्हा बारीक लाइन नेमकी तिथंच तुटते. दोन हजारांच्या सेटमध्ये बहुतेक वेळा हीच गोची असते, आणि मधल्या किमतीत गेल्यावर पहिली सुधारणा दिसते ती इथंच. वरचे पैसे खरं तर यासाठी मोजायचे.

साइजबद्दल थोडक्यात. हा आकडा रुपयांचा नाही, रिळाच्या आकाराचा. फिनेसला २५०० पुरेसं, फार तर ३०००. २५०० चं रीळ दोनशे ते अडीचशे ग्रॅमच्या घरात बसतं. ५००० साइजचं त्याच्या जवळपास दुप्पट. सकाळभर मनगटानं आमिष हलवत राहायचं असेल तर तो फरक दहा वाजेपर्यंत हाताला कळतो, आणि जड सेटवर बारीक टोच कळत नाही ते वेगळंच. शिवाय हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकाचं २५०० दुसऱ्याच्या ३००० एवढं असतं, काही कंपन्या नुसतं ३० लिहितात, आणि शिमानोचं सी ३००० म्हणजे २५०० च्या अंगावर ३००० चं स्पूल. म्हणून आकड्यापेक्षा ग्रॅममधलं वजन वाचा. रीळ रॉडला लावा आणि रिळाच्या पायाच्या किंचित पुढं एका बोटावर तोलून बघा. शेंडा खाली झुकत नसेल तर जोडी जमली.

हां, जलपर्णीत दडलेली मोठी मरळ किंवा शिवडा धरायचा असेल तर मजकुरातला मोठा सेट बरोबर आहे. तिथं मासा ओढून बाहेर काढावा लागतो, खेळवायला जागाच नसते. पण मग त्याला फिनेस म्हणू नये, आणि त्या कामाच्या वस्तू या कामाला सांगू नयेत.

रॉडवरचा "४० टन" हा आकडा लोकांना ताकदीचा वाटतो. तो ताकदीचा नाही, कार्बनच्या ताठपणाचा आहे. जास्त टनाचा कार्बन वापरला की तेवढ्याच ताठपणाला माल कमी लागतो, म्हणून रॉड हलका होतो आणि टोच हाताला लवकर पोचते. पण असा रॉड ठिसूळही असतो. दगडावर आपटला, मोटरसायकलवर दाबला गेला की त्याला डोळ्याला न दिसणारी चीर पडते आणि पुढं कधीतरी तो साध्या माशावर मोडतो. बंधाऱ्याच्या दगडांवर उभं राहून गळ टाकणाऱ्याला २४ किंवा ३० टनाचा रॉड जास्त वर्षं साथ देतो, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त रॉडवर छापलेला ४० टन तपासायची सोय तर दुकानात कुणाकडंच नसते.

वाचायचं ते मुठीच्या वर बारीक अक्षरात छापलेलं असतं: लांबी, पॉवर, लाइन आणि आमिषाचं वजन. फिनेसला पावणेसात ते सव्वासात फूट, मीडियम लाइट किंवा मीडियम, ॲक्शन फास्ट. आमिषाचं वजन ३ ते १० ग्रॅमच्या आसपास हवं. १० ते ४० ग्रॅम लिहिलेला रॉड, कितीही टनाचा असो, तीन ग्रॅमची जिग (वजन बसवलेला हुक) फेकू शकत नाही. फेकताना आमिषाच्या वजनानं रॉड वाकतो आणि सरळ होताना आमिष पुढं नेतो. तीन ग्रॅमनं तो वाकतच नाही. मग पोरगं सगळ्या खांद्यानं फेकतं, जिग पंधरा फुटांवर पडते आणि दोष रिळाला जातो. पॉवर आणि ॲक्शन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवा. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो ते, ॲक्शन म्हणजे कुठनं वाकतो ते. फास्ट रॉड शेंड्याकडनं वाकतो, म्हणून हलकी टोच दिसते आणि बारीक हुक लगेच रुततो.

घेण्याआधी प्रत्येक गाइडच्या आतल्या रिंगवरनं कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर रिंगला चीर आहे, आणि ती चीर ब्रेड कापणार. आणि दोन तुकड्यांचा रॉड घ्यायला अजिबात संकोच करू नका. सात फुटांचा अखंड रॉड एसटीत किंवा मोटरसायकलवर न्यायचा कसा?

जाड ब्रेड आणि लीडर नको, या सल्ल्यानं तर सगळ्या खटाटोपावर पाणी पडतं. जाड लाइनला पाण्याचा आणि वाऱ्याचा अडसर जास्त, हलकी जिग तळाला पोचायच्या आत वर ओढली जाते. पीई १ नंबरची (पीई म्हणजे ब्रेडच्या जाडीचा क्रमांक) ब्रेड साधारण ०.१६५ मिलिमीटर जाडीची असते आणि फिनेसला तेवढी किंवा त्याहून बारीकच लागते. ब्रेड नितळ पाण्यात उठून दिसते आणि दगडावर घासली की झटक्यात तुटते. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या दगडी खांबांशी, काठच्या बाभळीच्या बुडख्यांशी रोजची गाठ असताना लीडर नको म्हणणं मला पटत नाही. लीडरसाठी वापरतात त्या फ्लुरोकार्बनचा प्रकाश वाकवण्याचा गुणांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे फ्लुरो पाण्याच्या जास्त जवळ, म्हणून कमी दिसतो, आणि घासण्यालाही ब्रेडपेक्षा चिवट. दीड-दोन मीटर पुरतो. स्पूलवर आधी थोडी साधी नायलॉन गुंडाळा, नाहीतर ब्रेड स्पूलवरच घसरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. वर कडेपासून दीड-दोन मिलिमीटर मोकळं सोडा. आणि फेकल्यावर बेल हातानं बंद करा, हँडल फिरवून नको.

राहिलं "मधे काही नाही". दोन हजारांच्या सेटवरनं मधल्या किमतीला आलात की ड्रॅग, गिअर आणि रॉडचा शेंडा, तिन्ही गोष्टी बदलतात आणि तो बदल माशाच्या वेळी दिसतो. मधल्यावरनं पंचवीस हजारांना गेलात की काही ग्रॅम वजन कमी होतं, फिरणं आणखी मऊ होतं, पाणी आत न जाण्याची सोय बरी मिळते. आठवड्यातनं दोन-तीनदा पाण्यावर असणाऱ्याला ते पैसे वसूल होतात. महिन्यातनं दोन रविवार जाणाऱ्याला होत नाहीत.

मावसभावाला मी जे सांगितलं तेच इथं सांगतो. दहा हजार असतील तर चार-साडेचार रिळाला, तेवढेच रॉडला, आणि हजारभर बाजूला ठेवून त्यात चांगली ब्रेड, लीडरचं एक रीळ आणि थोड्या बारीक जिगा घ्यायच्या. डॅलसमध्ये तलावावर जाण्याआधी त्याला राज्याचं लायसन्स काढावं लागतं. इथं तलावाचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडं असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी त्यांना विचारा. राधानगरी, काळम्मावाडीच्या फुगवट्याकडं मात्र रॉड घेऊन जाऊ नका. ते अभयारण्य आहे.