यादीत पापलेट पहिलं हवं

१ मे जवळ आला की महाराष्ट्राच्या राज्यचिन्हांची ती यादी फिरायला लागते. प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, फूल ताम्हण, झाड आंबा, फुलपाखरू निलवंत, कांदळवनातलं झाड सफेद चिप्पी आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, मासा पापलेट. खाली भगवा झेंडा, दोन गुलाब आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ही यादी एकाच सकाळी तीन जण टाकतात आणि तिघांनाही अंगठे मिळतात.

यादीला माझी हरकत नाही. क्रमाला आहे.

आधी बाकीच्यांचं बोलून घेते. शेकरू बघायला लोक भीमाशंकरला जातात. त्या जंगलाला १९८५ साली अभयारण्य केलं ते मुख्यतः त्याच्याचसाठी. खारच ती, पण मोठ्या मांजराच्या लांबीची, विटकरी पाठीची, झुबकेदार शेपटीची. जमिनीवर क्वचित उतरते, या झाडावरून त्या झाडावर उडी मारत फिरते. त्यामुळे तिला नुसतं जंगल असून भागत नाही, वर फांदीला फांदी लागलेली लागते. मधून रुंद रस्ता गेला की आपल्याला गाडी घालता येते आणि तिची वाट बंद होते. हे शाळेच्या तक्त्यावर कुठे लिहिलेलं असतं? तिथे नुसतं चित्र आणि खाली ‘राज्यप्राणी’. एक मार्क.

हरियालाचं तर मला हसूच येतं. हा जमिनीला पाय लावत नाही असं जुनी माणसं सांगायची. वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगणाऱ्याला खाली उतरायचं कामही फारसं नसतं म्हणा. पोपटी-राखाडी अंग, पिवळेजर्द पाय. पानांत बसला की समोर असून दिसत नाही. पुण्या-नागपुरात रस्त्याकडेच्या वडावर अख्खा थवा फळं खात असतो आणि खाली माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून सिग्नल सुटायची वाट बघत असतात. त्यातल्याच एखाद्याने सकाळी ती यादी पुढे ढकललेली असते.

ताम्हण ऐन उन्हाळ्यात जांभळं होऊन उभं राहतं, अगदी महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला, ते एक बरं आहे. आंब्याबद्दल मी काही लिहिणार नाही, त्याच्यावर लिहिणारे खूप आहेत. निलवंत २०१५ साली ठरलं. स्वतःचं राज्यफुलपाखरू ठरवणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. २०२० मध्ये चिप्पीच्या बाबतीतही आपणच पहिले. चिप्पीची पांढरी फुलं संध्याकाळनंतर उमलतात, म्हणजे खाडीपुलावरून घरी परतणाऱ्या निम्म्या मुंबईच्या बाजूला ती रोज उमलत असणार आणि लोकलच्या दारात लटकलेल्याला त्याचा पत्ता नसणार.

आणि आता पापलेट. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर झालं. तेव्हा लोकांनी काय विनोद केले! ‘राज्यप्राण्याला हात लावला तर तुरुंग आणि राज्यमाशाला लिंबू पिळून?’ विनोद चांगलाच होता, मीही हसले. पण हा निर्णय मंत्रालयात कुणाला सुचला म्हणून झालेला नाही. पालघरकडच्या मच्छीमारांनी, त्यातही सातपाटीच्या सहकारी संस्थांनी तो मागून घेतला होता. सातपाटी म्हणजे पापलेटचं गाव. ज्यांचं पोट त्या माशावर आहे त्यांनीच सांगितलं की मासा कमी होतोय, आता काहीतरी करा. कोळ्यांनी सरकारकडे जाऊन स्वतःच्याच धंद्यावर बंधन मागावं, ही मला या सगळ्या यादीतली सगळ्यात मोठी बातमी वाटते.

कमी का होतोय? कारण मोठं व्हायच्या आत आपण त्याला बाहेर काढतो. पापलेटसाठी दालदी (पाण्यात पडद्यासारखं उभं सोडायचं जाळं) लावली तर तिचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा असतो, लहान मासा निसटून जातो. पण डोलीचा, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याचा, आस शेपटाकडे अगदी बारीक. तिथे बोंबील-जवळ्याबरोबर पापलेटचं पोरही येतं. ट्रॉलरवाले तर समुद्राचा तळ खरवडूनच नेतात आणि पर्ससीनवाले मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून उचलतात. ज्या माशाने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत तोच उचलला, तर पुढच्या मोसमात काय येणार? जून-जुलैची बंदी असते, पण उरलेल्या महिन्यांत बारीक मासा बाजारात येतोच. राज्यमासा जाहीर झाल्यावर दोन महिन्यांत सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान पकडायचा नाही, विकायचा नाही. कागद चांगला आहे. मासळीबाजारात मात्र फूटपट्टी घेऊन उभा असलेला माणूस मला अजून दिसलेला नाही.

आमच्या बाजारात श्रावण संपला की वाटे लागतात. तळहातापेक्षा लहान पापलेटं, सात-आठ एका वाट्यात, इतकी कोवळी की उचलली की चांदी बोटांना लागते. एकदा मावशींना म्हटलं, “एवढी बारीक कशाला आणता हो?”

त्या कोयता बाजूला ठेवून म्हणाल्या, “बाय, मी काय दर्यात जाऊन निवडते? तुम्ही घेता म्हणून येतात. मोठ्याचा भाव सांगितला की पुढं जाता.”

याच्यावर मी काय बोलणार? मोठ्या, गाभोळीच्या पापलेटचा भाव ऐकून आम्ही सगळ्याच पुढे जातो. ‘पोरांना काट्याचं चालत नाही, छोटी कढईत बरी बसतात’ हे कारण मी स्वतःच्या तोंडून ऐकलेलं आहे.

म्हणूनच क्रमाचा हट्ट. शेकरूसाठी कल्याण-डोंबिवलीतला माणूस रोज उठून काय करणार? हरियालाचा वड महापालिका तोडते, आपण फार तर अर्ज करतो. पापलेटचं तसं नाही. ते थेट आपल्या ताटात येतं, पिशवी आपल्या हातात असते.

सन्मान द्यायला आपल्याला उशीर होतो, ही खोड जुनीच. खाशाबा जाधवांचं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, तेही लोकांनी वर्गणी काढून धाडलेल्या माणसाने. नंतर असं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता १५ जानेवारी, त्यांचा वाढदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. छानच. पण ते १९८४ मध्येच गेले. माणसाचा सन्मान त्याच्या माघारी निदान करता तरी येतो. मासा संपल्यावर राज्यमाशाचं काय करायचं?

जाता जाता, यादीत कधीच नसलेली एक गोष्ट. सरकारी कागदावरचा शिक्का कधी नीट वाचलाय? मधे समई आणि भोवती शिवरायांच्या मुद्रेचे शब्द, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’. फक्त पुढे जिथे ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ असायचं तिथे ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ आहे. राजाच्या नावाच्या जागी राज्याचं नाव. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहून कंटाळा आला तर वाचायला बरं आहे.

तर यंदा यादी पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पापलेट वर घ्या, आणि त्याच आठवड्यात बाजारात गेलात तर बारीक वाटा घेऊ नका. परवडत नसेल तर महिन्यातून एकदा एकच मोठं घ्या. बाकीचे दिवस मांदेली आहे, बांगडा आहे, मुशीचं सुकं आहे. पापलेटशिवाय मासे खाल्ल्यासारखं वाटत नाही म्हणणाऱ्यांनी ताजे ओले बोंबील रव्यात कुरकुरीत तळून खाल्लेले नाहीत, हे मी कमेंटमध्ये भांडायला तयार आहे.