‘पाच मिनिटांच्या कामाला दोन तास’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मालक,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की विंडोजचं अपडेट झाल्यावर कारखान्याच्या ऑफिसातला शेअर फोल्डर उघडेनासा झाला. नेटवर्क दुरुस्त करायला आलेल्या आमच्या माणसानं दोन तास घेतले, कधी नव्हते ते पासवर्ड सगळ्यांना लावले, आणि तरी स्कॅनर बंदच राहिला. मग ओळखीच्या एका मुलानं दोन सेटिंग बदलून पाच मिनिटांत तो चालू करून दिला. मग आमचं बिल कशाचं? प्रश्न रास्त आहे. उत्तर इथंच सगळ्यांसमोर देतो, कारण सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांपासून एमआयडीसीतल्या कारखान्यांपर्यंत हाच घोळ सध्या दिसतोय.

तुमच्याकडं डिझाइनरताईंचा मॅक, काकांचा टॅलीचा विंडोज पीसी आणि चादरी-टॉवेलची सगळी डिझाइनं ठेवलेला उबुंटूचा जुना पीसी आहे. ही तिन्ही मशिनं एसएमबी नावाची नेटवर्कची पद्धत वापरून एकमेकांना फायली देतात. लिनक्सवर (उबुंटू त्यातलाच) ते काम सांबा नावाचं सॉफ्टवेअर करतं. आजवर तुमचा फोल्डर गेस्ट म्हणून, म्हणजे नाव-पासवर्ड न विचारता उघडत होता. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून गेस्ट म्हणून शिरणं बंद झालं आणि एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही, म्हणजे वाटेत कुणी तो बदलला नाही याची खूण, सक्तीची झाली. त्या सहीची किल्ली लॉगिनच्या वेळी पासवर्डावरून तयार होते. गेस्टकडं पासवर्डच नाही, तर सही येणार कुठून? म्हणून काकांना ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळं’ फोल्डर बंद आहे असा मेसेज आला. ऑफिसात कुणी असं धोरण ठरवलेलं नसतं, त्यामुळं तो वाचून माणूस गोंधळतोच.

या दोन्ही सक्ती काढून टाकता येतात, आणि खरंच पाच मिनिटांत. आम्ही ते जाणूनबुजून केलं नाही. तुमच्या ऑफिसात बाहेरगावचे व्यापारी येतात, त्यांना तुम्ही वायफाय देता. त्याच वायफायवरून कुणीही तो फोल्डर उघडू शकत होता, डिझाइनं कॉपी करू शकत होता, पुसूही शकत होता. डिझाइनरताईंची वर्षानुवर्षांची मेहनत त्या एका डिस्कवर आहे. फोल्डर फक्त तुमच्याच माणसांना उघडला पाहिजे. तेवढं करायलाच वेळ गेला.

आता स्कॅनर. त्या मुलानं काय बदललं ते तुमच्या फोटोत दिसतंय. विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १.० ची, म्हणजे एसएमबीच्या जुन्या आवृत्तीची, टिक लावली आहे आणि सहीची सक्ती काढली आहे. मालक, हे मला गंभीर वाटतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस या एसएमबी १ मधल्याच भोकातून दीडशेच्या वर देशांत पसरला. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या विंडोज १० अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ येणं थांबलं. ते एक भोक आता बुजलंय, पण एसएमबी १ मध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर गुप्त करून पाठवणं, नाहीच, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच तो काढून टाका म्हणतं. तुमच्या स्कॅनरला फक्त एसएमबी १ येतो. म्हणून आम्ही स्कॅन ईमेलवर पाठवायचा किंवा उबुंटूवर फक्त स्कॅनसाठी वेगळा एफटीपी (फायली पाठवायची दुसरी एक पद्धत) फोल्डर करायचा, असं सुचवलं होतं. ‘नंतर बघू’ असं ठरलं आणि ते काम तिथंच राहिलं.

दोन तासांत काय झालं तेही सांगतो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. उबुंटूचा पीसी विंडोजच्या नेटवर्क यादीत दिसत नव्हता, पण आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) टाकला की सापडत होता. असं झालं तर केबल उपटू नका. यादी दाखवायची जुनी पद्धत एसएमबी १ बरोबरच गेली. लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकलं की नाव परत दिसतं. राउटरमध्ये त्या पीसीचा आयपीही पक्का केला, नाहीतर तो बदलला की काकांचा शॉर्टकट मेला. आयपीनंही उघडत नसेल आणि ०एक्स८००७००३५ हा एरर येत असेल, तर आधी नेटवर्क पब्लिकवर आहे का प्रायव्हेटवर ते पाहा, मग फायरवॉलमध्ये एसएमबीचं पोर्ट ४४५ अडवलेलं आहे का ते.

सगळ्यात जास्त वेळ पासवर्डानं खाल्ला. विंडोजला लॉगिन करताना आपण पिन टाकतो, पण नेटवर्कवर पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो बहुतेकांना आठवत नाही. सांबाचा पासवर्ड उबुंटूच्या लॉगिनपेक्षा वेगळा असतो, तो वेगळा लावावा लागतो. मॅकवरचा फोल्डर विंडोजला द्यायचा तर फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये त्या खात्यापुढं टिक हवी. शिवाय काकांच्या पीसीत जुनी गेस्ट जोडणी अडकलेली होती. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी विंडोज जोडू देत नाही, १२१९ एरर देतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज नाव-पासवर्ड जिथं साठवतं तिथली) जुनी नोंद काढली, जोडणी तोडून पुन्हा केली, तेव्हा सुटलं.

शेवटी फायलींची नावं. डिझाइनरताई मॅकवर ‘बॉर्डर १२/३’ असं नाव देतात, मॅकला ते चालतं. विंडोजला नावात तिरपी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह चालत नाही. तिथं ती फाइल विचित्र नावानं दिसते किंवा उघडतच नाही. मराठी नावांत आणखी एक भानगड असते. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एकच अक्षर म्हणून साठवता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असा दोन तुकड्यांतही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण लिनक्सला त्या दोन वेगळ्या फायली. तुमच्या फोल्डरात अशा जोड्या निघाल्या. त्यातली नवी कोणती हे ताईंना विचारून एकेक ठरवलं. घाईनं पुसलं असतं तर चालू ऑर्डरचं डिझाइन गेलं असतं.

विनंती एवढीच, की ती एसएमबी १.० ची टिक आजच काढा आणि पीसी रीस्टार्ट करा. सहीची सक्ती आमचा माणूस रिमोटवरून पुन्हा चालू करून देईल आणि स्कॅनरचा फोल्डरही लावून देईल. याचे वेगळे पैसे घेणार नाही. तोवर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या. पासवर्डांचा कागद काकांच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात आहे, ताईंनाही एक प्रत द्या.